पापडी प्लास्टिकवरून सुटते, म्हणून पिशवी फाटते

चैत्र लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची अगाशी आत्याच्या ताब्यात जाते. पहाटे साबुदाणा शिजवायचा, जुन्या गादीवरचं जाड प्लास्टिक धुऊन पसरायचं आणि ऊन चढायच्या आत पळीपळीने शंभरेक पापड्या घालून मोकळं व्हायचं. यंदा मीही तिथे होतो. आदल्या संध्याकाळी खंडेराव मार्केटबाहेर तिच्या हातातल्या पिशवीचा तळ सुटला होता आणि दोन किलो कैऱ्या स्कूटरांच्या चाकांखाली गडगडल्या होत्या. पिशवीवर हिरवं पान छापलेलं, त्याखाली 'बायो'.

"तू जन्मभर प्लास्टिकच तपासलंस ना?" आत्याने हात न थांबवता विचारलं. "शाकवाला म्हणतो, मक्यापासून केलीय. मक्याची म्हणून फाटली का रे?"

बडोद्यातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं पिशव्या, नळ्या आणि धागे ताणून तोडण्याचं काम केलं. म्हणून हा प्रश्न मला नवा नाही. मका दुबळा असतो ही लोकांची समजूत आहे. अशा पिशवीत बहुधा मक्याचा स्टार्च, म्हणजे त्याचं पिठूळ सत्त्व, पॉलिथिन या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो. खरा घोटाळा होतो तो मका आणि पॉलिथिन एकमेकांना धरत नाहीत म्हणून. ते का धरत नाहीत, याचा पुरावा आत्याच्या पायाशीच वाळत पडला होता.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ शुद्ध स्टार्च. पापडी वाळली की तिच्या कडा आपोआप वर येतात आणि ती प्लास्टिकवरून अलगद सुटते. त्यासाठीच तर प्लास्टिक पसरायचं. माझी आजी मात्र जुन्या धोतरावर पापड्या घालायची. त्या कापडाला अशा बसायच्या, की धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडल्याशिवाय हलायच्या नाहीत. स्टार्च तोच, ऊन तेच, खालचा पृष्ठभाग तेवढा वेगळा.

स्टार्च हा ग्लुकोजचे हजारो मणी ओवून झालेला पॉलिमर. धोतराच्या सुतातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच, फक्त ओवण्याची तऱ्हा निराळी. दोघांच्याही प्रत्येक मण्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात, आणि एकाची जोडी दुसऱ्याच्या जोडीकडे ओढली जाते. ही ओढ एकेकटी किरकोळ असते, पण हजारो ठिकाणी एकदम लागली की घट्ट पकड बसते. पाणीही तसल्याच जोडीचं असल्यामुळे मध्ये शिरून ती पकड सोडवू शकतं. आजीचं पाणी शिंपडणं ते हेच. पॉलिथिनची साखळी मात्र नुसत्या कार्बन आणि हायड्रोजनची, स्वभावाने मेणासारखी. तिच्यावर स्टार्चला धरायला काहीच नाही.

आता हीच पापडी आणि हेच प्लास्टिक पिशवीच्या आत कोंबलेलं आहे असं समजा. स्टार्चचे बारीक कण पॉलिथिनच्या दाण्यांबरोबर एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे तापवत-दाबत पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, घालतात आणि हवेने फुगवून त्याची फिल्म काढतात. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये ग्रिफिन नावाच्या संशोधकाने स्टार्च घातलेल्या पॉलिथिनवर पेटंटं घेतली, तेव्हापासून ही कल्पना फिरते आहे. पॉलिथिन वितळतं, स्टार्च वितळत नाही. तो करपतो, वितळण्याच्या वाटेला जात नाही. म्हणून फिल्म तयार होते ती गुळाच्या पाकात दाणे अडकवलेल्या चिक्कीसारखी. फरक इतकाच की चिक्कीत पाक दाण्याला चिकटतो. इथे प्रत्येक दाण्याभोवती न दिसणारी एक भेग तयारच असते.

पिशवीत कैऱ्या भरल्या की फिल्म ताणली जाते. ताण पॉलिथिनमधून कणापर्यंत येतो, पण कण तो उचलत नाही, कारण पॉलिथिनचा आणि त्याचा हातात हात नाही. कणाच्या दोन टोकांना पोकळी पडते, शेजारच्या कणाची पोकळी तिला येऊन मिळते आणि फिल्म फाटते. निव्वळ पॉलिथिनची पट्टी यंत्रावर लावली तर ती मूळ लांबीच्या कित्येक पट ताणली जाऊन मगच तुटते. आमच्याकडे नवा मुलगा कामाला लागला की त्याला हे बघून हसू यायचं, यंत्राचा वरचा जबडा वर-वर जातच राहायचा. स्टार्च घातलेली पट्टी सुरुवातीला उलट कडक लागते, कारण स्टार्चचे कण पॉलिथिनपेक्षा कितीतरी ताठ असतात. पण थोडी लांबली की संपते. ताकद थोडी उतरते, लांबणं मात्र धाडकन कोसळतं. पिशवीच्या बाबतीत दुसरं जास्त वाईट, कारण कैरीचं टोक टोचलं तर लांबणारी फिल्म वाचते.

ताकद किती उतरते याचा एक ठोकताळा आहे. कण गोल आहेत आणि अजिबात चिकटलेले नाहीत असं धरायचं. मग भार पेलायला फक्त कणांभोवतीचं पॉलिथिन उरतं. वजनाने १० टक्के स्टार्च घातला, तर स्टार्चची घनता १.५ आणि पॉलिथिनची सुमारे ०.९२ असल्यामुळे आकारमानाने तो जेमतेम साडेसहा टक्के भरतो. पण आडव्या छेदातली भार पेलणारी जागा साडेसहा टक्क्यांनी कमी होत नाही, ती जवळपास १९ टक्क्यांनी कमी होते, कारण फिल्म फाटते ती कणांच्या ऐन मध्यातून, जिथे भार पेलणारी जागा सर्वांत कमी असते. आकारमानाने ३० टक्के कण असतील तर निम्म्याहून जास्त जागा गेली. दोन पदार्थ एकत्र केले की त्यांच्या गुणांची सरासरी मिळेल, हा आपला घरगुती हिशेब इथे साफ चुकतो.

कणाचा आकारही भोवतो. तांदळाच्या स्टार्चचे कण साधारण ३ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मक्याचे ५ ते २५, बटाट्याचे मोठे कण १०० पर्यंत. बाजारातली पातळ पिशवी ५० मायक्रॉनची असू शकते. म्हणजे बटाट्याचा एखादा कण फिल्मपेक्षा जाड! मका वापरतात त्यामागे त्याचं स्वस्त असणं आहे, पण हेही आहे.

मग नीट घोटून मिसळा की, असं कुणीही म्हणेल. आत्याही म्हणाली.

डब्यात मोहरी आणि जिरं घालून हलवलं तर ती आपसूक मिसळतात, कारण मिसळलेल्या अवस्था अगणित आणि वेगळं राहण्याच्या अवस्था मोजक्या. निसर्ग सगळ्या अवस्था सारख्याच आजमावत असतो, त्यामुळे मिसळणंच जिंकतं. आता हजार मोहऱ्या ओवून एक माळ करा, हजार जिऱ्यांची दुसरी. अशा माळांचे दोन गठ्ठे एकत्र हलवा. प्रत्येक मणी शेजारच्याला बांधलेला, त्यामुळे मोकळेपणाने इकडेतिकडे जायची सोय जवळजवळ संपली. मिसळण्यातून मिळणारा फायदा हजार पटींनी घटतो. पण मोहरी-जिऱ्याचं जर एकमेकांशी जरासंही पटत नसेल, तर ती नापसंती मात्र हजार वेळा मोजली जाते. हे गणित पॉल फ्लोरी यांनी बसवलं आणि त्यांना १९७४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की कोणतेही दोन पॉलिमर घेतले तर ते न मिसळण्याचीच शक्यता जास्त. घोटून आपण फक्त त्यांचे गोळे बारीक करतो.

मिसळले की नाही ते तपासायची एक सोपी खूण प्रयोगशाळेत आहे. प्रत्येक पॉलिमरला एक असं तापमान असतं, ज्याच्या खाली तो काचेसारखा ताठ आणि वर लवचीक असतो. मिश्रण डीएससी नावाच्या यंत्रात हळूहळू तापवायचं. हे वळण मध्ये कुठेतरी एकच दिसलं, तर दोघे रेणूच्या पातळीवर एक झाले. दोन वळणं, आपापल्या जुन्या जागी, तर एका छताखाली दोन चुली. स्टार्च आणि पॉलिथिन कायम दुसऱ्या प्रकारात.

चुली दोन राहिल्या तरी मध्ये दार उघडता येतं. पॉलिथिनच्या काही साखळ्यांवर मॅलेइक अॅनहायड्राइड या रसायनाची कलमं करतात. या कलमी साखळीचं शरीर पॉलिथिनचं, म्हणून ती पॉलिथिनमध्ये रमते. कलमाचं टोक स्टार्चवरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीशी रासायनिक बंध बांधतं. असा जोडणारा पदार्थ फार घालावा लागत नाही, कारण तो फक्त सीमेवर हवा असतो. कण बारीक होतात, ताण कणापर्यंत पोचतो, गमावलेल्या ताकदीतला बराच भाग परत मिळतो. लांबणं पूर्ण परत येत नाही. यात पैसे जातात, आणि पैसे वाचवायला म्हणून स्टार्च घालणारा माणूस नेमकं इथेच हात आखडता घेतो.

दुसरा उपाय पापडीतच दिसतो. सकाळी घातलेली पापडी दुपारी चामड्यासारखी असते, घडी घातली तरी मोडत नाही. तिसऱ्या दिवशी तीच कडकन तुटते. मधल्या काळात तिच्यातून फक्त पाणी गेलेलं असतं. पाण्याचे लहान रेणू स्टार्चच्या साखळ्यांच्या मध्ये बसतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. कोरड्या स्टार्चचं ते काचेचं वळण इतक्या वर असतं की तिथवर तापवण्याआधी तो जळतो. साधारण २० टक्के पाणी असेल तर ते खोलीच्या तापमानाजवळ येतं. कारखान्यात पाण्याच्या जोडीला ग्लिसरीन घालतात, कारण ते उडून जात नाही. उष्णता, दाब, घुसळण आणि ग्लिसरीन मिळून स्टार्चचे कण फोडतात आणि मग स्टार्च चक्क प्लास्टिकसारखा वाहतो. ताठ दाण्यांऐवजी आता लवणारे, ओढले जाणारे थेंब मिळतात.

पण ज्याने मऊ केलं तेच उलटतं. आत्याच्या सुती साडीला खळ केली की ती मे महिन्यात कागदासारखी उभी राहते आणि जुलैत, विश्वामित्री भरून वाहायला लागली की, तासाभरात लोळागोळा होते. स्टार्चच्या मिश्रणाचंही तेच. एकाच गाठोड्यातली पट्टी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तपासली तर आकडे वेगळे येतात. म्हणून तपासणीआधी नमुने ठरलेल्या तापमानाला आणि दमटपणाला ठेवतात. हे न करता दिलेला आकडा मी तरी वाचत नाही. शिवाय काळ गेला की स्टार्चच्या साखळ्या पुन्हा ओळीत बसू लागतात. रात्रीची साबुदाण्याची खिचडी सकाळी टणक लागते तशी पिशवीही गोदामात पडून पडून ठिसूळ होते.

स्टार्चसारखाच पाण्याशी पटवून घेणारा कृत्रिम जोडीदार शोधला तर? पॉलिव्हिनाइल अल्कोहोल तसा आहे. त्याच्याही साखळीवर त्याच जोड्या, म्हणजे हा आजीचं धोतर. स्टार्चशी त्याची फिल्म एकसंध होते, छान ताणली जाते. पण दोघेही पाण्याचे भुकेले. इस्पितळातले मळके कपडे न हाताळता थेट धुलाई यंत्रात टाकायच्या विरघळणाऱ्या पिशव्या या पॉलिमरच्या असतात. तिथे तो शोभतो. कैऱ्या न्यायला नाही.

कैऱ्या न्यायची खरी कंपोस्ट होणारी पिशवी आज बहुधा तिघांची असते. स्टार्च, आणि पीएलए व पीबीएटी ही कारखान्यात जोडलेली दोन पॉलिमरं. पीएलए ताकदवान पण ठिसूळ, स्वतःच्या लांबीच्या जेमतेम पाच-सहा टक्के ताणला की तुटतो, आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. पीबीएटी रबरासारखा लांबतो. गंमत म्हणजे पीएलए मक्या-उसाच्या साखरेपासून होतो, पण साखळी कारखान्यात जोडतात. पीबीएटी मुख्यतः खनिज तेलातून येतो आणि तरीही कंपोस्टमध्ये जिरतो. कुठून आला आणि कुठे जाणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'बायो' हा शब्द दोन्हींची सरमिसळ करतो, आणि मला वाटतं तो त्याचसाठी छापतात.

या गावाला 'काय कशाला चिकटतं' हा प्रश्न जुना आहे. १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य, आणि तिथे रंगकामाचं रसायन शिकवत. सुताला कोणता रंग धरतो, कोणता धुऊन जातो, हाच तो प्रश्न. पुढे १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी आली, १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोरसायनांची सरकारी कंपनी. रंगवायच्या सुताच्या गावात मेणासारख्या साखळ्या तयार होऊ लागल्या. आमच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी कंपनीच्या बसने जायचं.

टेरिकॉटमध्ये दोन्ही भेटतात. सदऱ्याच्या कापडात पॉलिस्टर आणि कापूस बऱ्याचदा ६५ला ३५ या प्रमाणात असतात. त्यांचं मिश्रण रेणूंचं नाही, तंतूंचं. म्हणून त्याला रंगही दोन लागतात, सुताचा वेगळा, पॉलिस्टरचा वेगळा. हवेतला ओलावा सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. घाम सूत टिपतं, इस्त्रीची घडी पॉलिस्टर सांभाळतं. इथे एकजीव न होणं फायद्याचं ठरतं.

ताकदीत मात्र एक खोच आहे. सूत साधारण सात टक्के लांबलं की तुटतं. पॉलिस्टर त्याच्या दुपटीहून अधिक लांबतं आणि आपली खरी ताकद शेवटी दाखवतं. आता सुतात थोडंसंच पॉलिस्टर घाला. सात टक्क्यांवर सूत तुटलं, त्या घटकेला पॉलिस्टर अजून अर्धवटच ताणलेलं, आणि सगळा भार एकदम मूठभर तंतूंवर. तेही तुटतात. असा धागा निव्वळ सुतापेक्षाही कमजोर निघू शकतो. पॉलिस्टर बरंच वाढवल्यावरच ताकद वर चढते. हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा यंत्र बिघडलंय असं समजून दोनदा चाचणी घेतली होती.

टायरची गोष्ट याच्या उलट, तिथे जुगलबंदी जमते. वाघोडियाकडे लिमड्याला टायरचा मोठा कारखाना आहे. टायरच्या मिश्रणांत झाडाचं रबर आणि कारखान्यातलं कृत्रिम रबर एसबीआर हे नेहमीचे जोडीदार. झाडाचं रबर ताणलं की त्याच्या साखळ्या ओळीत येऊन तिथल्या तिथे स्फटिक बांधतात, म्हणजे भेग पुढे सरकायला लागली की नेमक्या तिच्या टोकाशीच ते कठीण होतं. ट्रकच्या टायरात म्हणून त्याचा वाटा जास्त. एसबीआर झिजेला आणि पकडीला बरं. दोघांनाही गंधकाने एकत्र टाके घालता येतात, हे त्यांच्या संसाराचं गुपित. स्टार्च-पॉलिथिनला असले टाके आपोआप पडत नाहीत.

राहता राहिला कुजण्याचा मुद्दा. पॉलिथिनमध्ये स्टार्च घातला की पिशवी कुजते, असा दावा करतात. जंतू स्टार्च खातात हे खरं, पण कणापर्यंत पोचायला वाट हवी. थोडे कण असतील तर ते पॉलिथिनमध्ये एकेकटे कोंडलेले. आकारमानाने साधारण ३० टक्क्यांच्या आसपास गेल्यावरच कणाला कण लागून आरपार वाटा तयार होतात, म्हणजे वजनाने सुमारे ४१ टक्के. तेवढा स्टार्च घातला तर ताकद वर सांगितल्याप्रमाणे निम्म्याखाली. आणि इतकं करून उरतं काय? पॉलिथिनची जाळी, जी तुकडे-तुकडे होते पण संपत नाही. कंपोस्टसाठीचं आयएसओ १७०८८ हे मानक म्हणूनच साऱ्या पिशवीकडे बघतं. कंपोस्टच्या ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत सहा महिन्यांत ९० टक्के कार्बन वायुरूप व्हायला हवा. परसातल्या खड्ड्यात ती उष्णता टिकत नाही हे वेगळंच. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२२ पासून साधी प्लास्टिक पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. कंपोस्ट होणाऱ्या पिशवीला ही जाडीची अट नाही, मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पातळ पिशवीवर हिरवं पान का उगवतं, ते आता कळलं असेल.

"एवढं सांगितलंस," आत्या म्हणाली, "पण माझी पिशवी कुठली?"

खाली येऊन पिशवीचा बोटभर तुकडा कापला. पातेल्यात पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून फसवणार नाहीत. तुकडा बोटाने बुडवून सोडला. पीएलए आणि पीबीएटी दोन्ही पाण्यापेक्षा जड, १.२५च्या जवळपास, त्यांचा तुकडा तळाशी जातो. हा वर आला. मग दुसऱ्या तुकड्यावर बीटाडीनचा थेंब टाकला. आयोडीन स्टार्चला काळसर निळं करतं, शाळेत बटाट्यावर करतात तेच. फिल्म तशीच तपकिरी राहिली, कापलेल्या काठावर आणि चुरगळलेल्या जागी तेवढे निळे ठिपके उमटले. बहुतेक पॉलिथिन, नावापुरता मका, आणि तोही आत कोंडलेला. अशा मिश्रणात स्टार्च वजनाने २० टक्क्यांच्या पलीकडे गेला असता तर तुकडा तरंगला नसता.

आत्याला आकड्यांत रस नव्हता. तिने उरलेली पिशवी उभी चिरली, धुतली, आणि अगाशीवर नेऊन तिच्यावर एक पळी साबुदाणा ओतला. खाऊ नकोस हां ती, मी म्हणालो. संध्याकाळी पापडीची कड तिने नखाने उचलली. दोन ठिकाणी किंचित अडखळली, मग पूर्ण सुटून हातात आली. ती कावळ्याला गेली.